एकोणतीस साती

आम्हा दहा भावंडांना नानांनी शाळेत घातलंच नाही. फणसवाडीतल्या खोलीत, थंडीच्या दिवसांत एकाच घोंगडीखाली बसवून ते पाढे म्हणून घेत. सर्वांत धाकट्याने पहिली ओळ म्हणायची, मग वयाप्रमाणे पुढच्या. सातवी हेरंबची, आठवी माझी. एकोणतिसाच्या पाढ्यात हेरंब दरवेळी 'दोनशे तेरा' म्हणून बोलणी खायचा.

जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून तो गेला. तरी नाना त्याच्या ओळीपुरते थांबायचेच. मला संताप यायचा. द्या ना ती ओळ दुसऱ्या कुणाला!

आज एकोणतिसाचा पाढा होता. सहावी ओळ म्हणून दुर्गा गप्प झाली.

"एकोणतीस साती दोनशे तेरा."

आमच्यापैकी कुणाचेच ओठ हलले नव्हते.

नानांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"चुकलास, हेरंब. पुन्हा म्हण."