डॅरलच्या हाताजोगं

"दिवा खाली धर, डॅड. मला तुझी टोपी दिसतेय, होज दिसत नाहीयेत."

एल्डन हर्टलने दिवा खाली धरला. त्याची मुलगी रोवीना शेडमधल्या थंड फरशीवर पालथी पडली होती आणि छोट्या पोकलेनमधला चालवणाऱ्याच्या पायाखालचा पत्रा काढून तिने आत खांद्यापर्यंत हात घातला होता. चार होज, म्हणजे तेलाच्या रबरी नळ्या, सोडवायचे होते. दोन लाल फितीचे, दोन पांढऱ्या. एकेक सोडवला की लगेच तोंडाला बूच, कारण हायड्रोलिकच्या तेलात वाळूचा कण गेला तर पुढे कधीतरी तो भलत्याच ठिकाणी डोकं वर काढतो. मग लालच्या जागी पांढरे, पांढऱ्याच्या जागी लाल. काम एवढंच. कामाबद्दल तिची तक्रार नव्हती. ते कोणासाठी चाललंय, त्याबद्दल होती.

"डॅरलच्या हाताला जशी सवय आहे तसं करून दे," एल्डन म्हणाला.

"आणि माझ्या हाताला?"

"तुझं काय. तू शिकशील. तुला शिकायला वेळ लागत नाही."

रोवीनाची चाळिशी कधीच उलटली होती. वडिलांनी केलेली ही बहुधा पहिलीच स्तुती, आणि ती हातात पाना घेऊन, पालथं पडून ऐकावी लागली.

पोकलेनचा हात माणसाच्या हातासारखाच असतो. खांद्यापासून कोपरापर्यंत बूम, कोपरापुढे आर्म, आणि शेवटी ओंजळ, म्हणजे बकेट. चालवणाऱ्याच्या डाव्या-उजव्या हाताशी दोन लिव्हर. जुन्या लोकांच्या पद्धतीत बूम डाव्या लिव्हरवर आणि आर्म उजव्या. नव्या लोकांच्या पद्धतीत नेमकं उलटं. एकदा हाताला जे लागलं ते लागलं. आमच्या लुननबर्गकडची, कॅनडाच्या या पूर्व किनाऱ्यावरची माणसं एक वेळ चर्च बदलतील, लिव्हर बदलणार नाहीत.

एल्डन जुन्या पद्धतीचा. रोवीनाला त्याने तेच शिकवलं. विशीत असताना तिने ट्रूरोला जाऊन रीतसर कोर्स करायचं मनात आणलं होतं. तिथे नवी पद्धत शिकवतात म्हटल्यावर एल्डन म्हणाला होता, माझ्या यंत्रावर माझेच लिव्हर राहतील. ती गेली नाही. तेव्हापासून या दगडाळ जमिनीतले मैल्याचे खड्डे, झाडांचे बुंधे, पाण्याचे चर, सगळं तिने त्याच्या पद्धतीने उपसलं. धाकटा भाऊ डॅरल मात्र त्याच वयात दूर पश्चिमेला अल्बर्टाला गेला, तेल काढायच्या वाळूच्या खाणीत घराएवढ्या यंत्रांवर बसला आणि नवी पद्धत शिकला. या सप्टेंबरात तिकडचं काम थंडावलं तसा तो घरी आला. आल्याच्या तिसऱ्या दिवशी नाश्त्याला एल्डनने जाहीर केलं की नाताळसाठी विकायच्या झाडांची तोडणी संपली की तो या धंद्यातून उतरणार. यंत्र आणि ट्रक एकाच्याच हाती जाईल, कारण दोघांत वाटलं की भांडणं होतात.

कोणाच्या हाती, ते त्याने सांगितलं नाही. सांगितलं फक्त होज बदलायला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोकलेन मरगळलं. सकाळी ठीक असायचं, पण दुपारी तेल तापलं की बूम उचलताना म्हाताऱ्या माणसासारखं थांबत थांबत उचलायचं. पंप गेला, असं एल्डनचं मत पडलं. डॅरल म्हणाला, तिकडे कॅम्पवर अशा वेळी आम्ही खाली उतरून कॉफी प्यायचो, मेकॅनिक यायचे. रोवीनाने कॉफी घेतली नाही. लिव्हर हलवला की आधी बारीक होजमधलं तेल मोठ्या व्हॉल्व्हला हुकूम सोडतं आणि मग मोठं तेल जोर लावतं. तिने त्या हुकमाच्या तेलावर दाबाचं घड्याळ लावलं आणि यंत्र तापू दिलं. काटा हळूहळू खाली उतरला. पंप धडधाकट होता, हुकूमच ढिला पडत होता. दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह तिने खोलला, तर आत नखाएवढा रबराचा तुकडा बसलेला, कुठल्यातरी जुन्या सीलचा. त्याने व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता, आणि तेल तापून पातळ झालं की तिथून निसटत होतं.

रात्री जेवताना डॅरलने स्वतःहून सांगितलं की हे रोवीनाने शोधलं, मला जन्मात सापडलं नसतं. एल्डनने आंबवलेल्या कोबीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"तू बसलास म्हणून कळलं तरी," तो म्हणाला. "तिच्या हाताखाली ते कधीपासून असंच चालत असेल."

रोवीनाने बटाटा काट्याने दाबला तो पार बशीला चिकटेपर्यंत.

डॅरल अडाणी हाताचा असता तर तिला सोसलं असतं. तसा तो नव्हता. तो बसला की यंत्राचे झटके बंद व्हायचे. बूम उतरतेय, आर्म ओढला जातोय, बकेट वळतेय, असं वेगवेगळं काही दिसायचंच नाही. केकवर साय पसरावी तशी तो खडी पसरायचा. रोवीना मोजकाठी धरून बाजूला उभी राहायची आणि पुन्हा पुन्हा मापायची. एक सूत इकडेतिकडे सापडलं असतं तर तिला रात्री झोप लागली असती. बरं, माणूस म्हणून वाईट म्हणावं तर तेही नाही. तिच्यासाठी तो घरून सॅंडविच बांधून आणायचा, कडा कापून, लहानपणी तिला आवडायचं तसं. मत्सर करायचा तर समोरच्याने थोडी मदत करायला हवी. डॅरल ती अजिबात करत नव्हता.

तिचा हात मात्र नव्या पद्धतीला तयार होईना. बूम खाली घ्यायला जायची आणि आर्म लांब व्हायचा. शेवटी ब्रिजवॉटरजवळच्या भंगारवाल्याकडून तिने एका जळक्या पोकलेनचा निवड-व्हॉल्व्ह काढून आणला, धुतला, नवी सील घातली आणि सीटखाली बसवला. बारीक होज सगळे त्यातून फिरवले. आता एक दांडी डावीकडे केली की लिव्हर जुन्या पद्धतीने चालायचे, उजवीकडे केली की डॅरलच्या. नियम एकच ठरला. जो बसेल त्याने आधी दांडी बघायची, बकेट मोकळ्या जागेत धरून दोन्ही लिव्हर जरासे हलवून बघायचे आणि मगच कामाला लागायचं. डॅरलने तिच्या पाठीवर थाप मारली. एल्डनने व्हॉल्व्हकडे नुसतं पाहिलं. एका यंत्रात दोन मनं ठेवणं बरं नाही, एवढंच म्हणाला.

आणि मग रोज सकाळी दांडी उजवीकडे असायची.

आदल्या संध्याकाळी शेवटची रोवीना बसलेली असली तरी. डॅरलच उठून फिरवून ठेवतो, अशी तिची खात्री झाली. तिने त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने नाही म्हटलं असतं, आणि मग रागवायला काही उरलं नसतं. ती रोज सकाळी दांडी परत डावीकडे फिरवायची आणि त्या खटक्याने तिला जे बरं वाटायचं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

हेझल वेंटझेलच्या घरापाशी पाण्याचा चर खणायचा होता, काचेच्या पडवीच्या अगदी कडेने. पोकलेन आदल्या संध्याकाळी रोवीनानेच तिथे नेऊन उभं केलं होतं. सकाळी ती डॅरलला घेऊन पोचली तेव्हा एल्डन आधीच मोजकाठी घेऊन हजर होता. तो पहाटे कॉफी घ्यायला बाहेर पडतो. हेझलबाई अंगणात खुर्ची टाकून बसल्या होत्या.

"डॅरल चालवणार ना?" त्यांनी रोवीनालाच विचारलं. "सगळे म्हणतात बघण्यासारखं असतं. मी शेजारणीलाही बोलावलंय."

रोवीना वर चढली आणि तिने यंत्र चालू केलं. दांडी बघितली नाही. काल तिनेच तर डावीकडे ठेवली होती. बकेट पडवीजवळ नेऊन तिने बूम खाली घ्यायला डावा लिव्हर पुढे रेटला, जरा जास्तच ठसक्यात, कारण खुर्चीतून तिला कोणीतरी बघत होतं.

आर्म सरळ झाला. बकेट डॅरलच्या टोपीवरून गेली आणि पडवीच्या काचांत शिरली.

काचा पडायच्या थांबल्या तेव्हा हेझलबाईंची जिरेनियमची एक कुंडी बकेटमध्ये अलगद बसलेली होती. डॅरल खाली वाकलेला होता, त्याला काही झालं नव्हतं. एल्डन काठी टाकून धावत आला आणि मुलाच्या डोक्यावरून, खांद्यांवरून हात फिरवत राहिला.

"मारलं असतंस त्याला," तो वर बघून म्हणाला.

"डॅड, दांडी मी फिरवली होती," डॅरल म्हणाला. "तिची चूक नाही."

डॅरल सकाळपासून तिच्या शेजारी, तिच्या गाडीत होता. रोवीनाची नजर खाली गेली. पोकलेनच्या साखळीपट्ट्यावर कॉफीचा कागदी पेला ठेवलेला होता. ती आली तेव्हापासून तिथेच होता.

तिने बघायला हवं होतं. नियम तिचाच होता. हाताने मुद्दाम काही केलेलं नाही, हेही तिला पक्कं माहीत होतं. तरी काचा गोळा करताना ती आपल्या डाव्या हाताकडे पुन्हा पुन्हा बघत राहिली.

दुपारी ट्रकपाशी रोवीना आणि एल्डन दोघेच होते.

"रोज तूच फिरवतोस?"

एल्डनने नाकारलं नाही. "तो येऊन बसला आणि आधी वाकून दांडी फिरवावी लागली, तर त्याला वाटेल हे दुसऱ्या कुणाचं यंत्र आहे. मग तो जाईल."

"आणि मला तसं वाटलं तर?"

"तुला?" एल्डनने तिच्याकडे खरोखर नवलाने पाहिलं. हा प्रश्न त्याला कधी पडलाच नव्हता. "तू कुठे जाणार आहेस?"

ती कुठेच जाणार नव्हती. ते त्या दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात डॅरलला अल्बर्टाहून बोलावणं आलं. झाडांची तोडणी अजून सुरूही झाली नव्हती. त्याने स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच सांगितलं की तो जातोय, आणि यंत्राचं म्हणाल तर त्याला नको, इथल्या जमिनीत त्याचा जीव रमत नाही. निघताना त्याने रोवीनाला घट्ट मिठी मारली. ती त्याला हॅलिफॅक्सच्या विमानतळावर सोडून आली. घरी परतली तर एल्डन डॅरलच्या खोलीतली गादी उन्हाला टाकत होता, जणू तो दोन दिवसांत परत येणार आहे. इथे होता त्यापेक्षा तो आता घरात जास्त होता. तिला त्याचाही हेवा वाटला, की जाणाऱ्याचीच एवढी वाट बघतात.

दुसऱ्या दिवशी एल्डन तिला म्हणाला, "तो नको म्हणाला. म्हणजे यंत्र तुझंच."

ज्या वाक्यासाठी तिने अर्धं आयुष्य घालवलं ते हे असं, टेबलावर उरलेलं भांडं सरकवावं तसं आलं. तिला वाटत होतं की आपण काहीतरी बोलू. ती "बरं" म्हणाली आणि बूट घालायला गेली.

हेझलबाईंच्या पडवीला नव्या काचा बसल्या होत्या. गवतावर दव गोठलेलं होतं, जमीन कडक व्हायच्या आत चर पुरा करायचा होता. आज खुर्ची टाकून कोणी बसलं नव्हतं. रोवीनाने दांडी बघितली, मोकळ्या जागेत लिव्हर हलवून बघितले आणि खणायला लागली. तिचे झटके तिच्यासारखेच होते. एल्डन चराच्या कडेला मोजकाठी धरून उभा होता. खोली भरली की मूठ वर करायची, ही खुणेची पद्धत. पण त्याचं तोंड मोठ्या रस्त्याकडे होतं, विमानतळाच्या दिशेला, आणि मूठ काही वर होईना.

रोवीनाने स्वतःच्या अंदाजाने बकेट थांबवली आणि वाट पाहत बसली.

यंत्राचा आवाज बदललेला ऐकून एल्डन वळला. वाकून त्याने काठी चरात उभी केली, निरखून पाहिली, काढून पुसली, पुन्हा उभी केली. माप बरोबर होतं. कॉलर वर ओढून तो चराच्या रेघेवर एक पाऊल पुढे सरकला, तिथे काठी धरली आणि या खेपेला तिच्याकडे तोंड करून उभा राहिला.