गुळव्याची बोटं

मच्छिंद्रनानांनी पाण्याची परात पायाने उडवली. पाणी थेट चुलाणापर्यंत गेलं.

"ही इथं कशाला उभी?"

ही म्हणजे पंकजा, गुऱ्हाळाचे मालक हनुमंत यांची सून. तिने परात उचलली आणि पुन्हा भरायला गेली.

"नाना, तुमी म्हनाल तसं," हनुमंत म्हणाले.

नानांना या वाक्याचा सगळ्यात जास्त संताप यायचा. चाळीस वर्षं ते देवळाली प्रवरेच्या शिवारात गुळव्या होते आणि चाळीस वर्षं हनुमंत त्यांच्याशी जळणावरून भांडले होते. चार महिन्यांपूर्वी नानांना अर्धांगवायू झाला आणि सगळं गाव एकाएकी त्यांच्याशी सहमत झालं. पाय परतला, जीभ तर दुप्पट परतली; उजव्या हाताच्या बोटांना मात्र काही कळेना. काल त्यांनी उकळत्या रसाची काहील कच्चीच उतरवली. गुळाची ढेप काही बसली नाही. हनुमंत म्हणाले, "हवा दमट हाय." बाहेर मार्चचं ऊन रणरणत होतं.

उकळता पाक पाण्यात टाकून त्याची गोळी वळायची, दाबायची, आणि काहील उतरवायची वेळ ठरवायची, हे गुळव्याचं काम. तेही पाठ फिरवून, कुणाला दिसू नये म्हणून. नानांच्या उस्तादाने त्यांना अकरा वर्षं नुसती पाठ दाखवली होती.

पंकजा परात घेऊन समोरच बसली.

"मी पाठ फिरवतोय."

"फिरवा. मी फिरून तिकडं येते."

पाक फुगून फडफडायला लागला होता. नानांनी गोळी वळली, दाबली. खडा असो की लोणी, बोटांना सारखंच.

"झाली. उतरवा!"

माणसं धावली. पंकजाने नानांच्या बोटांतली गोळी काढून घेतली.

"थांबा! न्हाई झाली नाना. मऊ हाय."

"तुला काय कळतंय?"

"मऊ कळतंय."

"चाळीस वर्षं मी—"

"त्ये मला ठावं न्हाई. कालची काहील ठावं हाय. हवा कोरडी हुती."

हनुमंतांना खोकला आला.

"तोंड सांभाळ!" नाना ओरडले. "मऊ म्हंजे कशी? लोन्यासारखी का कनकेसारखी? नीट सांग!"

"कनकेसारखी."

"मग गप बस. पुन्हा वळ. अशी न्हाई, आंगठ्यानं!"

तिने पाण्यात पाक टाकून पुन्हा गोळी वळली.

"आता मेनासारखी."

"उनातलं का सावलीतलं?"

"सावलीतलं."

"उतरवा!"

काहील उतरली. हनुमंत जवळ आले.

"दमला असाल, नाना. बसा."

"बसून हिला शिव्या कशा देऊ?" नाना पंकजाकडे वळले. "उद्या पहिल्या काहिलीला ये. बांगड्या वर सारून ये. गोळी परातीवर आपटली की आवाज येतो, त्यो ऐकायचा असतो."

चुलाणाभोवती आठ माणसं ऐकत उभी होती. नानांनी आवाज खाली आणला नाही.