मला पतंग म्हणू नका

मी बोलतेय. मला तोंड नाही, तरी बोलतेय. आमच्या जातीत पंख फुटले की तोंड उरतच नाही; सुरवंट असताना खाल्लं, त्यावरच जगायचं. मूळची मी झांबियाची. माझी भावंडं तिथल्या लोकांनी भाजून खाल्ली. मी वाचले, आणि एका दिव्याला भुलले. जळले नाही, पण छातीतून टाचणी गेली.

रूप मात्र बघावं माझं! तळहाताएवढे तांबूस पंख. पुढच्या दोहोंवर काचेच्या कपचीसारखे पारदर्शक ठिपके. मागच्या दोहोंवर एकेक केशरी डोळा, त्याला काळं कडं, बाहेर पांढरं. पाखरांवर वटारायचे डोळे ते. माणसांवर त्यांचा काडीचा उपयोग झाला नाही.

जपानात, ओजिमातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून सारंगने मला काचेच्या चौकटीसकट घरी आणलं.

"मेलेला किडा भिंतीवर?" त्याची बायको मिताली किंचाळली.

"किडा काय म्हणतेस, आफ्रिकेचा पतंग आहे. डोळे बघ, तुझ्यासारखेच वटारलेत."

ती हसली. मी भिंतीवर चढले. मी बाई, पण मराठीत माझा 'तो पतंग' झाला. तेही सोसलं.

त्यांची ओवी सहा वर्षांची. शाळा जपानी, मराठी शब्द मोजकेच. संक्रांतीला पुण्याच्या आजोबांनी फोनवर तिला पतंग उडवून दाखवला. पोरीने शब्द पक्का धरला: पतंग म्हणजे दोरा बांधून उडवायचा.

एका दुपारी ती खुर्चीवर चढली. चौकट उघडली. माझ्या पोटाला लोकरीचा दोरा बांधून बाल्कनीत धावली. "पतंग, तोबे! तोबे!" म्हणजे, उड!

वाळलेले पंख माझे. डावा डोळा पंखासकट गळून पडला.

"चिकटवू या," सारंग म्हणाला.

"नको रे. रोज दिसेल, रोज रडेल ती. काच न जळणाऱ्या कचऱ्यात टाक."

"आणि हा?"

"हा जळणाऱ्यात."

दिव्यावर जळले नाही याची केवढी ऐट होती मला!

ओवीने पिशवीवर हात ठेवला. "गोमेन, पतंग-सान." माफ कर म्हणाली. तिच्यावर कसला राग धरू? मोठ्यांनो, पोरांना शब्द देता तर अख्खा द्या. तुमच्या अर्ध्या शब्दापायी माझा पंख गेला.

आता इमारतीखाली, कचऱ्यावर पांघरलेल्या निळ्या जाळीखाली पिशवीत पडलेय. जाळीवर कावळा उतरलाय. एवढ्याचसाठी तर डोळा दिला होता मला! उरलेला एक वटारून बघतेय.

तो नेमका त्याच डोळ्यावर चोच मारतोय.