तीन म्हणायच्या आधी

"आजी, इकडे! आवाजाकडे बघा!" दोक्सूने कॅमेऱ्याच्या वर खुळखुळा धरून जोरात वाजवला.

पुढच्या खुर्चीत बसलेल्या ओक्बुन आजींनी मान वळवली, पण भलतीकडेच. "खुळखुळा कसला वाजवतोस रे मला? पहिला नाही, नव्वदावा वाढदिवस आहे माझा!"

मागच्या अठरा जणांत हशा पिकला आणि रांगा विस्कटल्या.

दोक्सूने त्या पुन्हा बसवल्या. कोरियातल्या मोक्पो बंदराच्या मासळीबाजारात, माडीवरच्या या फोटो स्टुडिओत चाळीस वर्षं तो हेच करत आला होता. उंच माणसं मागे, पण पट्टीने आखल्यासारखी नाहीत. दोन खांद्यांमधल्या फटीत तिसऱ्याचा चेहरा. "अहो, खेटून उभे राहा! एकमेकांचे भाडेकरू आहात का?"

तेवढ्यात आजींची थोरली लेक, इन्सुक, त्याच्यापाशी आली. "दादा, वीस वर्षं झाली आईची नजर जाऊन. तेव्हापासून प्रत्येक फोटोत ती तिसरीकडेच बघतेय. आपल्याच माणसांत हरवल्यासारखी. एकदाच तिला समोर बघू दे हो. पुढच्या वर्षीचं कुणी सांगावं?"

ती जागेवर परतली. दोक्सूने टाळी वाजवून पाहिली, चुटकी वाजवून पाहिली. पण पोरांच्या कुजबुजीत आणि रेशमी कपड्यांच्या सळसळीत आजींना नेमकी दिशा सापडेना. वर दर फोटोत कुणाची ना कुणाची पापणी मिटलेली. शेवटी त्याने आपली जुनी युक्ती काढली.

"सगळ्यांनी डोळे मिटा. मी तीन म्हणालो की उघडायचे. तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही. एक..."

अठरा जणांनी डोळे मिटले.

"दोन..."

खोली अशी शांत झाली की दोक्सूला स्वतःचा श्वास ऐकू आला. आजींनाही आला असावा. त्यांनी हळूच हनुवटी उचलली आणि चेहरा सरळ, अगदी सरळ भिंगासमोर आणला.

'तीन' म्हणायचं राहूनच गेलं. बोटाने आपलं काम केलं होतं.

त्याने फोटो पाहिला आणि तो पाहतच राहिला. मिटल्या डोळ्यांवर कुणाचा तोरा उरला नव्हता, कुणाचा रुसवा उरला नव्हता. थोरल्या मुलापासून कडेवर झोपलेल्या पणतीपर्यंत तेच कपाळ, तेच ओठ. सुना-जावईसुद्धा त्याच पोटचे वाटावेत. चाळीस वर्षांत त्याने असं घर पाहिलं नव्हतं. आणि मधोमध दोन उघडे डोळे.

"तीन म्हणा की! मान अवघडली," धाकटा मुलगा ओरडला.

"कसा आला रे फोटो?" आजींनी विचारलं.

दोक्सू म्हणाला, "आजी... यात तुम्ही एकट्याच बघताय."

इन्सुकच्या पापणीखालून पाणी ओघळलं. पण डोळे तिने उघडले नाहीत. कुणीच उघडले नाहीत.

आजींनी आपल्या पोशाखाची छातीवर बांधलेली रेशमी फीत चाचपून सरळ केली.

"मग राहू दे थोडा वेळ," त्या म्हणाल्या. "बघू दे मला."