समोरची जागा

सुरक्षारक्षकाने ताईंच्या पिशवीतून आधी कात्री बाहेर काढली, मग सुयांची डबी, मग मोजपट्टी आणि शेवटी काळ्या दोऱ्याचं रीळ. सगळं टेबलावर ओळीने मांडून तो म्हणाला,

"आजी, सभागृहात शिवणकाम काढणार आहात का?"

"माझ्या भावाच्या कोटाचं बटण तुटलं तर तू लावून देणार आहेस?"

"भाऊ कोण तुमचे?"

"आमदार आहे. नवा काळा कोट घातलाय बघ, मीच शिवलाय. आज बोलणार आहे तो."

रक्षकाने पासावरचं नाव वाचलं आणि त्याच्या भुवया वर गेल्या. "कुजबुजेसाहेब? ते बोलणार?" एवढं बोलून त्याने जीभ चावली. घाईघाईने सगळं ठेवून घेतलं, कात्रीला बिल्ला बांधला, दुसरा बिल्ला ताईंच्या हातात दिला आणि बजावलं, "वर गॅलरीत बोलायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, खाणाखुणा करायच्या नाहीत."

"चाळीस वर्षं विंगेत काढलीत मी. गप्प बसायचं मला नको शिकवूस," ताई म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात ठेवत जिना चढू लागल्या.

कुजबुजे हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हे. फिरत्या नाटक कंपनीत ताई कपडे शिवत आणि धाकटा भाऊ बारक्या विंगेत उभा राहून नटांना विसरलेले शब्द पुरवी. बावीस वर्षं त्याने तेच केलं. नट अडखळला की याचा शब्द नेमका त्याच्या कानात पोचायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्यालासुद्धा ऐकू जायचा नाही. नाव पडलं ते तिथे. पुढे कंपनी बुडाली, लोकांनी याला निवडणुकीला उभं केलं, तर हा पठ्ठ्या मतं मागतानाही तसाच हळू बोलायचा. प्रत्येकाला वाटायचं, हा फक्त मलाच सांगतोय. निवडून आला की हो! एकदा नाही, तीनदा.

पण सभागृहात त्याचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे कधी गेला नाही. गावातले टवाळ म्हणायचे, आमच्या आमदाराने मिठाची गुळणी धरलीय. ताईंना ते झोंबायचं. कारण पहिल्याच खेपेला या माणसाने समित्यांच्या खोल्यांमधून, योग्य त्या कानांशी लागून, रंगमंचामागच्या लोकांसाठी एक निधी उभा करून घेतला होता. शिंपी, सुतार, दिवेवाले, पडदा ओढणारे अशा माणसांना हातपाय थकल्यावर महिन्याचा आधार मिळावा म्हणून. त्याचं श्रेय तिसऱ्याच कोणीतरी घेतलं. बारक्याने ब्र काढला नव्हता.

आज तोच निधी बंद करण्याचा ठराव होता. सांस्कृतिक खात्याचे मंत्री तो मांडणार होते. या सभागृहाची रीत अशी की मांडणाऱ्याने आधी भाषण करायचं, मग चर्चा, आणि चर्चेअंती त्यानेच पुन्हा उभं राहून ठरावाचं शेवटचं वाक्य उच्चारायचं. ते उच्चारलं की लगेच मतदान. आणि बहुमत तर मंत्र्यांच्याच बाजूला. म्हणजे ते वाक्य उच्चारलं गेलं की निधी गेला म्हणूनच समजायचं.

ताईंना कठड्यालगतची जागा मिळाली. खाली बरोबर समोर भाऊ बसलेला दिसत होता. मंत्री ताईंकडे पाठ करून बसले होते. त्यांचा कोट भारी कापडाचा, पण खांद्यात साफ बिघडलेला. एवढे पैसे घेऊन ही शिलाई, ताईंच्या मनात आलं.

मंत्री बोलायला उठले ते मोकळ्या हाताने. हातात कागद धरणं त्यांना कमीपणाचं वाटे. भाषणाच्या छापील प्रती मात्र आदल्या दिवशीच सगळ्यांना वाटल्या होत्या. "कला ही हौस आहे," ते म्हणाले, "आणि हौसेला मोल नसतं, तेव्हा ते सरकारनेही मोजू नये." बाकं वाजली. ताईंनी पदर आवळून धरला.

तेवढ्यात त्यांची नजर भावाच्या ओठांवर गेली. ते हलत होते. मंत्र्यांच्या प्रत्येक शब्दाबरोबर, शब्दाला शब्द.

अरे देवा! काल संध्याकाळी तो खोलीत येरझाऱ्या घालत पुटपुटत होता ते हेच. दाराशी चहा घेऊन उभ्या राहिलेल्या ताईंनी निधी बंद का करावा याची कारणं त्याच्याच तोंडून ऐकली होती आणि त्या चक्रावल्या होत्या.

"बारक्या, तू नक्की कुणाच्या बाजूचा?"

"समोरच्याचं पाठ नसेल तर आपलं कधी सुरू करायचं ते कसं कळणार, ताई?"

"आणि तुझं भाषण?"

"होईल ते," तो म्हणाला होता, आणि पुन्हा पान उलटलं होतं.

मंत्री आता रंगात आले होते. हात उंचावून म्हणाले, "ज्या घरात दिवा नाही, त्या घराला आपण..." आणि थांबले. हात वरच राहिला. सभागृह वाट पाहू लागलं. मंत्र्यांनी घसा साफ केला, पुन्हा म्हणाले, "त्या घराला आपण..." आणि त्यांचं घोडं तिथेच अडलं. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. मंत्र्यांची मान घामाने चमकू लागली.

बारक्याचे ओठ हलले. ताईंना वरून ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण त्यांनी ते ओठ बावीस वर्षं वाचले होते. 'आपण पडदा कसा देणार?'

"आपण पडदा कसा देणार?" मंत्री गरजले आणि गाडी पुढे निघाली.

हे एकदा झालं असतं तर खपलं असतं. तीनदा झालं. तिसऱ्या वेळी सगळ्यांच्याच लक्षात आलं. बारक्याच्या पक्षाचे गटनेते लालबुंद होऊन मागे वळले आणि खेकसून म्हणाले, "अहो, कुणाचं भाषण म्हणताय तुम्ही? आपल्याच पायावर धोंडा?" ते मात्र गॅलरीपर्यंत स्पष्ट ऐकू आलं. सभागृहात हशा पिकला. बारक्या ओशाळला, कानाची पाळी चोळू लागला. त्याला स्वतःलाही आत्ताच कळलं असावं. अडखळलेला माणूस दिसला की याच्या तोंडून शब्द निघायचाच, तो नट आहे की वैरी हे बघायला वेळ कुठला? ताईंना रागही आला आणि त्या रागावर हसूही आलं.

मग अध्यक्षांनी त्याला पुकारलं. तो उठला. कोटाची बटणं शाबूत होती.

"अध्यक्ष महोदय," तो म्हणाला.

"आवाज! आवाज!" चहूबाजूंनी ओरडा झाला.

त्याने आवाज वाढवला नाही. तसाच, त्याच पट्टीत बोलत राहिला. "मोठ्यानं!" कोणीतरी ओरडलं. तो थांबला नाही. आणि मग एक गंमत झाली. पुढच्या बाकांनी ऐकण्यासाठी मागच्यांना गप्प केलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. बघता बघता सभागृह इतकं शांत झालं की लिहून घेणाऱ्यांच्या पेनांची खरखर ऐकू येऊ लागली.

"...एक शिंपीण आहे," तो सांगत होता. "चाळीस वर्षं तिने राजांचे अंगरखे शिवले. प्रयोग चालू असताना ती विंगेत सुई घेऊन उभी. कधी कुठे काय उसवेल सांगता येत नाही. शेकडो नाटकं तिने पाहिली, पण सगळी मागून. नटांच्या पाठी तेवढ्या पाहिल्या. समोर बसून तिने एकही खेळ पाहिलेला नाही. मंत्रिमहोदय म्हणाले, कला हौस आहे. असेल. पण तिचं ते काम होतं. आणि काम करणाऱ्याला म्हातारपणी हात पसरावा लागू नये, इतकंच माझं म्हणणं आहे. दहा मिनिटं मिळाली होती. मला एवढीच पुरली."

तो खाली बसला. गॅलरीकडे त्याने एकदाही मान वर केली नव्हती. ताईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. डोळे पुसायचे होते, पण ती खाणाखुण धरतील की काय म्हणून त्यांनी पुसले नाहीत. वाहू दिले.

आणखी दोघे तिघे बोलले. मग शेवटच्या वाक्यासाठी मंत्री उठले.

"सबब," ते म्हणाले, "हा निधी..."

आणि थांबले. या खेपेला त्यांची मान घामेजली नव्हती. ते सरळ बारक्याकडे पाहत उभे होते. सगळं सभागृह बारक्याकडे पाहू लागलं. गटनेते दात आवळून पुटपुटले, "खबरदार!"

ताईंनी कठडा घट्ट धरला. तेवढं वाक्य पडू दे, बारक्या. आयुष्यात एकदाच पडू दे.

पण बारक्या उठून नीट उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता. मंत्र्यांच्या डोळ्यांत पाहत, नेहमीच्याच आवाजात, त्याने वाक्य पुरवलं. तेवढ्या शांततेत ते गॅलरीतही ऐकू आलं.

"या वर्षापासून बंद करण्यात यावा."

ताईंनी डोळे मिटले. छातीत कळ उठली, आणि त्याच वेळी मान ताठ झाली. माझा भाऊ आहे हा, त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं. समोर कोणी का असेना, त्याने कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही.

मंत्र्यांनी ते वाक्य ऐकलं. मान हलवली. मग बाकाच्या कडेवर हात टेकवून ते म्हणाले,

"अध्यक्ष महोदय, वाक्य मला आठवतंय. पण आज ते माझ्याच्याने बोलवत नाही. मी ठराव मागे घेतो."

नंतर जो गोंधळ उडाला त्यात गॅलरीतल्या टाळ्या कुणाच्या, ते कुणालाच शोधता आलं नाही.

खाली रक्षकाने बिल्ला घेऊन कात्री, डबी, रीळ, मोजपट्टी एकेक करून परत दिली. कात्री देताना मूठ ताईंकडे केली. "सांभाळून घ्या, ताई," तो म्हणाला. मघाचं 'आजी' कुठल्या कुठे गेलं होतं.

दाराशी बारक्या उभा होता, शाळेतून सुटलेल्या पोरासारखा हात खिशात घालून.

"ताई, कोट मागून नीट बसला होता ना? उठताना खांद्यात ओढल्यासारखं वाटलं."

ताईंनी त्याच्या बाहीवरचा नसलेला दोरा काढला.

"मागचं मला काय ठाऊक?" त्या म्हणाल्या. "मी आज समोर होते."