आजोबांचा विमानाचा सिनेमा

मी एक सिनेमा बोलतोय. हॉलिवूडचे सिनेमे नुकते कुठे बोलायला लागले होते, तेव्हाचा. काळा-पांढरा, विमानांचा. सध्या मुक्काम न्यू जर्सीत, पार्सिपनीच्या एका घरात, व्हिडिओ कॅसेटमध्ये. तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही, तरी बोलतो.

एके काळी मी फार फुशारक्या मारायचो. का मारू नये? माझ्यातली विमानं खरी होती. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली, वैमानिक उघड्यावर बसलेला, आणि खुशाल ढगात घुसायची! माझ्या प्रती देशोदेशी गेल्या. जितक्या प्रती, तितका मी. एक नागपूरलाही गेली. तिथे त्र्यंबक नावाच्या शाळकरी मुलाने मला पाहिलं आणि तो वेडाच झाला. पुढे तो इंजिनिअर झाला, अमेरिकेत आला, विमानांच्या इंजिनांवर त्याने जन्म काढला. हे सगळं माझ्यामुळे झालं, असं तो ज्याला त्याला सांगायचा.

२००३ साली हे त्र्यंबकराव आजोबा होते आणि घरात वाद पेटला होता. नात आश्लेषाला विमान चालवायला शिकायचं होतं. तिचा बाबा नरेंद्र, म्हणजे आजोबांचा मुलगा, ऐकेना. तो आजोबांना म्हणाला,

"न्यूयॉर्कला एवढं सगळं झाल्यावर? आपल्या रंगाच्या मुलीने फ्लाइंग स्कूल जॉइन करायचं? लोक कुठल्या नजरेने बघतील, बाबा! विषय क्लोज."

पोरीने जेवण टाकलं. मग आजोबांनी इंटरनेटवर हुडकून मला मागवलं आणि रविवारी चिवड्याच्या वाट्या देऊन बापलेकीला टीव्हीपुढे बसवलं. "नरेंद्र, एकदा हे बघ. मग नाही म्हण."

सुरुवात झकास झाली. विमान उडालं तशी आश्लेषा पुढे सरकली. नरेंद्रचा हातही वाटीतच राहिला. "आता बघ हं, आता!" आजोबांचा उत्साह उतू जात होता. इकडे माझी पाचावर धारण बसली होती. पुढे काय आहे ते मला माहीत होतं.

विमान हिंदुस्थानात, एका राजाच्या महालापुढे उतरतं. एक चाकर धावत येतो. गोरा नट, तोंडाला तपकिरी रंग फासलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो विमानाला साष्टांग नमस्कार घालतो. इंजिन सुरू होताच किंचाळत पळतो, धोतर सुटतं, हत्तीच्या पोटाखाली लपतो. हीरो हसून म्हणतो, "ह्या लोकांना विमान पुजता येईल. उडवता जन्मात यायचं नाही."

नागपूरच्या थिएटर मॅनेजरने एवढा तुकडा कापून टाकला होता. नाहीतर लोकांनी खुर्च्या फोडल्या असत्या. त्यामुळे आजोबांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

"अरे... हे नव्हतं रे," आजोबा रिमोट शोधायला लागले. "आमच्या वेळी हे नव्हतंच. शपथ सांगतो, आशू."

"इट्स ओके, आजोबा," ती म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

नरेंद्रने टीव्ही बंद केला. लेकीकडे वळून म्हणाला, "आशू, तो हीरो म्हणाला, मीही तुला तेच सांगत होतो, नाही का? ते फ्लाइंग स्कूल शनिवारी किती वाजता उघडतं? मी ड्राइव्ह करतो."

आश्लेषा त्याच्या गळ्यातच पडली. मला आनंद व्हायला हवा होता. पण बापाचं मन माझ्या ढगांनी वळवलं नव्हतं, माझ्या घाणीने वळवलं होतं. आणि ह्या गडबडीत आजोबा आपली चिवड्याची वाटी घेऊन गुपचूप आत निघून गेले होते.

आता मी टीव्हीखालच्या खणात असतो. दर शनिवारी सगळे विमानतळावर जातात. येताना आजोबा आश्लेषाच्या लँडिंगचं कौतुक करत येतात. माझं नाव मात्र त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

त्र्यंबकराव, मला माफ करा. माझ्यापेक्षा तुम्ही नागपूरला पाहिलेला सिनेमाच चांगला होता. तो तुमचा तुमच्यापाशी राहू द्या. माझ्यापायी तो टाकू नका.