उलटा उमटलेला अर्धा तारा

मी अर्धा तारा बोलतोय. पूर्ण बोलून होईल की नाही, याची खात्री देत नाही. अर्ध्यावर थांबायची मला जन्मापासून सवय आहे.

आकाशातला नव्हे हं. मी रबरी शिक्का आहे, लाकडी मुठीचा, अडीच टोकांचा. वर्तमानपत्रात सिनेमाच्या परीक्षणाखाली तारे असतात ना, अडीच, साडेतीन? त्यात सगळ्यांच्या शेवटी, जागा मिळाली तर बसू अशा बेताने उभा असतो, तो मी.

शिक्के करणाऱ्याने एकाच रबरातून दोन तारे कापले. एक तसाच ठेवला, तो माझा थोरला भाऊ. दुसऱ्याचे उभे दोन तुकडे केले. डावा तुकडा मी झालो. उजवा खाली पडला, तो त्याच्या मुलीने उचलला आणि गणितं खोडायला वापरून संपवला. मला कधीकधी वाटतं, जास्त उपयोगी आयुष्य त्याचंच झालं. त्याने चुका पुसल्या, मी एक चूक छापली. पण ती अशी छापली की विचारू नका. किंवा विचारा, त्यासाठीच तर बोलायला बसलोय.

आमचं वर्तमानपत्र दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर होतं. खालून कण्हण्याचे आवाज यायचे आणि वर सिनेमाची परीक्षणं लिहिली जायची. कोण कशामुळे कण्हतंय हे नवख्याला कळायचं नाही. संस्थापकांनी एक पद्धत घालून दिली होती. तारे हाताने द्यायचे. परीक्षण लिहिणाऱ्याने सही करायची, खाली शिक्के मारायचे आणि तो कागद जसाच्या तसा, शाईच्या डागासकट, छापायचा. दुसऱ्याच्या कष्टाला गुण देणाऱ्याचा हात जरा दुखला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

तो हात काकांचा होता. ऑफिसात सगळे त्यांना काकाच म्हणत. माणूस विद्वान, पण इतका धास्तावलेला की दार उघडं असलं तरी टकटक करून आत जायचा. थोरल्याला ते धडाधड मारायचे. माझी पाळी आली की थांबायचे. मला उचलायचे, ठेवायचे, पाणी प्यायचे, पेन्सिलीला टोक करायचे, पुन्हा उचलायचे. अर्धा दिला तर लाडावतील, नाही दिला तर खचतील. माझ्याबद्दल व्हायचा तेवढा विचार लोक लग्न ठरवतानाही करत नसतील. माझ्या मुठीवर पुढच्या बाजूला एक पितळी खिळा होता. अंगठा त्यावर आला की मी सरळ. बावीस वर्षं काकांनी माझ्याकडे न बघता, नुसत्या अंगठ्याने मला सरळ मारलं.

मग आम्हाला एका मोठ्या कंपनीने विकत घेतलं. तिच्याकडे चित्रपटगृहं होती, वाहिन्या होत्या, गाणी होती. नव्हतं ते फक्त या सगळ्याला नावं ठेवणारं वर्तमानपत्र. तेही आता घरात आलं. नव्या खुर्च्या आल्या, नवी टेबलं आली आणि नवे साहेब आले. साहेब इतके गोड की त्यांच्या बोलण्याला मुंग्या लागाव्यात. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "आता सगळं आपल्याच घरचं कार्य आहे. घरच्या कार्यात कुणी भाजीला मीठ कमी म्हणतं का?"

कुणी म्हणालं नाही. तेव्हापासून घरच्या सिनेमाला तीनच्या खाली तारे जाईनात. आणि टेबलं हलवण्याच्या गडबडीत माझा पितळी खिळा कुठेतरी पडला. त्यानंतर बरेच दिवस माझी पाळीच आली नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं होतं, पण शिक्का बोलणार कसा?

आता काकांच्या पुतणीबद्दल सांगतो. ती सायकली दुरुस्त करते. काकांनीच तिला लहानपणी सिनेमा बघायला शिकवलं होतं: आवडला तर का आवडला ते सांग, नाही आवडला तर दोनदा सांग. दीपगृहावर राहणाऱ्या तीन बहिणींची एक मालिका होती, अकरा वर्षं चाललेली. पुतणी तिची जबरदस्त चाहती. दर रविवारी तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, उलट्या टांगलेल्या सायकलींखाली, तेरा-चौदा चाहते जमायचे. त्यांचे म्होरके चष्मेवाले, म्हणजे चष्म्याचं दुकान चालवणारे गृहस्थ. भिंग सतत खिशात आणि संशय सतत डोळ्यांत.

ती मालिकाही कंपनीने घेतली आणि नव्या भागांत तिसरी बहीण गायब. आमच्या वर्तमानपत्रात छापून आलं की नटीने स्वतःहून, आनंदाने काम सोडलं. चाहत्यांनी ते वाचलं आणि एकालाही पटलं नाही. मालिका कंपनीची, बातमीही कंपनीचीच, मग खरं कुणाकडे शोधायचं? पुतणी म्हणाली, आपले काका आहेत ना. ते खरं तेच लिहितील.

नव्या भागांचं परीक्षण काकांकडे आलं ते लिहूनच. कंपनीच्या प्रसिद्धी खात्यातून, छान जाड कागदावर. काकांनी फक्त सही करायची आणि साडेचार तारे द्यायचे. काकांनी भाग पाहिले होते. त्यांच्या मते अर्धा तारा, आणि तोही दीपगृहाच्या दिव्याला. ते साहेबांकडे गेले, टकटक केली, आत गेले आणि बाहेर आले. आत काय बोलले? "पंखा जरा जोरात आहे," एवढंच.

मग त्यांनी सही केली. थोरल्याला चारदा मारलं. मला उचललं, अंगठ्याने खिळा शोधला, सापडला नाही, डोळे मिटले आणि मारलं.

मी उलटा उमटलो. डोकं खाली, पाय वर.

छापून आलं. रविवारी पुतणी काकांकडे आली, बसली नाही. म्हणाली, "काय दिलं काका त्यांनी तुम्हाला? खुर्ची?"

"खुर्ची सगळ्यांनाच दिली," काका म्हणाले.

हे उत्तर चुकीचं आहे, हे त्यांना बोलताबोलताच कळलं. पुतणी गेली. आठवडाभर फोन नाही. काकांना जेवण जाईना. नोकरी राहिली होती, पण जिने आपला शब्द खरा धरावा, तिच्याच नजरेतून ते उतरले होते. टेबलावर माझ्याकडे ते असे बघत, की मला वाटलं आता आपल्यालाही गणितं खोडायला पाठवतात.

आणि मग गंमत झाली. चष्मेवाल्यांनी तो छापील कागद भिंगाखाली धरला. मी उलटा! त्यांनी पुतणीला तिने जपलेली काकांच्या परीक्षणांची सगळी जुनी कात्रणं काढायला लावली. बावीस वर्षांतले सहाशे अकरा अर्धे तारे तपासले. सगळे सरळ. मग हाच उलटा कसा? चाहत्यांना दम कुठला! अर्ध्या तासात सिद्धांत तयार: काकांवर पाळत आहे. त्यांना लिहायची बंदी आहे. म्हणून त्यांनी खूण केली, उलटा तारा म्हणजे उलटं समजा. तासाभरात तिसरी बहीण एका बंगल्यात कोंडलेली होती आणि संध्याकाळपर्यंत त्या बंगल्याचा नकाशासुद्धा काढून झाला.

पुतणी धावत काकांकडे आली. डोळे चमकत होते. हळूच म्हणाली, "काका, कळलं आम्हाला."

"काय?"

"बरोबर. काही बोलूच नका."

ती गेल्यावर काकांनी वर्तमानपत्र काढलं आणि प्रथमच नीट पाहिलं. मग मला पाहिलं. खिळ्याच्या जागचं भोक पाहिलं. कपाळाला हात लावला आणि त्या हातातच मी होतो, त्यामुळे कपाळावरही अर्धा तारा उमटला. हा मात्र सरळ.

पुढच्याच आठवड्यात घरचा दुसरा सिनेमा आला. पुन्हा जाड कागद, पुन्हा साडेचार. काकांनी सही केली, चार तारे मारले आणि मला उचललं. पाणी प्यायले. पेन्सिलीला टोक केलं. माझ्याकडे नीट बघून, सावकाश, मला मुठीत फिरवलं आणि उलटं मारलं. मी कधी इतका ठसठशीत उमटलो नव्हतो. काकांचा श्वास जोरात चालला होता, जिना चढून आल्यासारखा.

मग काय, धमालच. उलटा म्हणजे बघू नका, हे गावभर झालं. लिफ्टवाला काकांना विचारायचा, आज सरळ की उलटा? दंतवैद्य दाढ काढण्यापूर्वी पेशंटला हसवायला माझा किस्सा सांगायचे. साडेचार ताऱ्यांचे सिनेमे शुक्रवारीच ओस पडू लागले. कंपनी चक्रावली. तिने बाहेरून एक सल्लागार आणला. त्याने महिनाभर अभ्यास करून सांगितलं की वाचकांना हा उलटा अर्धा तारा फार आवडतो, त्यात काहीतरी आधुनिक आहे. झालं! कंपनीने मला पोस्टरांवर घेतलं. दाराएवढा मी, सोनेरी, उलटा, चौकाचौकात. बसथांब्यावर लोक पोट धरून हसत. स्वतःचं एवढं मोठं चित्र पाहून मला चक्कर आली; उलटं असल्यामुळेही असेल.

हसत नव्हते ते फक्त काका. पुतणी सगळ्यांना सांगत फिरे, माझे काका भ्यायले नाहीत. आणि काकांना ठाऊक होतं की ते भ्यायले होते. चाहत्यांनी त्यांचा सत्कार ठरवला, सायकलींच्या खोलीत. काकांनी मला खिशात टाकलं आणि निघाले. वाटेत थांबून त्यांनी एक फोन केला. बराच वेळ, भिंतीकडे तोंड करून.

खोलीत टाळ्या झाल्या. काका उभे राहिले, मला टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "पहिला तारा चुकून उलटा पडला. खिळा हरवला होता. मी घाबरलेला होतो, धीट नव्हतो."

मग चष्मेवाले पुढे आले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कुजबुजले, "हेही त्यांनीच म्हणायला लावलंय ना?"

बोला! कशावरही विश्वास न ठेवण्याची इतकी सवय झाली की समोरचा माणूस स्वतःची फजिती सांगतोय, तीही खोटी. मला हसू आलं, आणि थोडी भीतीही वाटली. कंपनीने केवढं नुकसान केलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

पुतणी मात्र काकांकडे बघत होती. "आणि दुसरा?" तिने विचारलं.

"दुसरा मुद्दाम."

"मग मला दुसरा पुरे आहे," ती म्हणाली आणि बसायला स्टूल पुढे सरकवलं. हे स्टूल नव्या खुर्चीपेक्षा डळमळीत होतं, पण काका त्यावर ऐसपैस बसले.

मग काकांनी फोनचं सांगितलं. त्यांनी तिसऱ्या बहिणीलाच विचारलं होतं. तिने काम सोडलं नव्हतं आणि तिला बंगल्यात कोंडलंही नव्हतं. तिने आठवड्यातून एक दिवस सुट्टी मागितली होती, म्हणून तिला काढलं. आता ती मुलांना पोहायला शिकवते. तिने नाव घालून छापायची परवानगी दिली होती आणि म्हणाली होती, "अकरा महिन्यांत मला विचारणारे तुम्ही पहिलेच."

खोलीत सगळ्यांनी माना खाली घातल्या. वर्तमानपत्राने विचारलं नव्हतं हे खरं. पण नकाशा काढणाऱ्यांपैकीही कुणी विचारलं नव्हतं. चष्मेवाल्यांनी घडी घातलेला नकाशा हळूच खिशात सरकवला.

काकांनी तिथेच बसून सगळं साध्या शब्दांत लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते साहेबांच्या दारावर टकटक न करता आत गेले. साहेबांनी कागद वाचला, गोड हसले आणि परत दिला. काकांनी तो घेतला, मला घेतलं आणि नोकरी सोडून निघाले. थोरल्याला मात्र घेतलं नाही; तो कंपनीच्या टेबलावरच राहिला. मला त्याची आठवण येते. सध्या त्याला फार काम आहे म्हणे, पाचपाचदा उमटतो बिचारा.

ते परीक्षण चाहत्यांच्या चार पानी पत्रकात छापलं, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवर. खाली काकांची सही आणि फक्त मी. आधी कुणी नाही, नंतर कुणी नाही. आयुष्यात पहिल्यांदा एकटा, आणि सरळ. मला वाटलं मी लटपटेन. नाही लटपटलो.

आता मी पुतणीच्या दुकानात, स्क्रू आणि छर्‍यांच्या डब्यात राहतो. तिने माझ्या मुठीला सायकलीच्या चाकात रुतलेला एक खिळा काढून ठोकून दिलाय. काका रविवारी येतात, एकेका ताऱ्यासाठी तासतासभर वाद घालतात आणि परीक्षण छापण्याआधी प्रत्येकाला फोन करून विचारतात. चष्मेवाले त्या फोनला दुसऱ्या बाजूने कान लावून ऐकतात. अजून त्यांचा पूर्ण विश्वास नाही. अर्धा आहे. तो माझ्या वाट्याचा, असं मी समजतो.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं: मी कुठे उमटलेला दिसलो तर मान डोलावू नका आणि नाकही मुरडू नका. आधी विचारा, हा कुणाच्या हातचा? आणि तो हात जरा तरी थांबला होता का?

थांबला असेल, तर उरलेला अर्धा तुम्ही घाला.